पाठीवरचा खो

नातीच्या इतिहासाच्या वहीची मागची बारा पानं कोरी राहिली होती. वर्ष संपलं तशी ती रद्दीत चालली होती, ती मी मागून घेतली. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. अक्षर बरं आहे, जोडाक्षरं कधी चुकतात. हे कुणाला दाखवायला लिहीत नाही. एक शब्द फार वर्षं मनात राहिला आहे, तो कुठेतरी ठेवून द्यावा एवढंच.

मी परळच्या एका गिरणीत वाइंडिंग खात्यात होते. सुताच्या लहान बॉबिनी मशीनवर लावायच्या, सूत मोठ्या कोनावर गुंडाळलं जातं, मध्ये तुटलं की गाठ मारायची. दिवसभर हेच. बाकीच्या बायका हात चांगला म्हणून कायम झाल्या. मी पाय चांगले म्हणून झाले. आमच्या गिरणीचा बायकांचा खो-खोचा संघ होता आणि मी त्यात पळायची.

पळणं हे काम कसं असतं ते थोडं सांगते, कारण लोकांना वाटतं की जोरात पाय टाकले की झालं. सरळ रेषेत जोरात धावणाऱ्या पुष्कळ असतात, त्या लवकर बाद होतात. खो-खोत समोरची बाई पाठलाग करते तिच्या डोळ्यांकडे बघायचं नाही, डोळे फसवतात. तिच्या कमरेकडे बघायचं. कंबर जिकडे वळते तिकडेच माणूस जातं. आपण टाच टेकायची नाही, चवड्यावर राहायचं. बसलेल्या आठजणींमधून एकीच्या पुढून, दुसरीच्या मागून असं वळत गेलं की त्याला साखळी म्हणतात. साखळी पळताना दम तोंडाने घेतला तर दोन मिनिटांत घसा सुकतो. मी नाकाने घ्यायची. सात मिनिटांचा डाव असे, त्यात मी एकदा सबंध सात मिनिटं बाद न होता राहिले आहे. त्या दिवशी संध्याकाळी चाळीचा जिना मला बसून चढावा लागला. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आता लिहिते.

संघात मला आनंदीने आणलं. आनंदी लालबागची, मूळ मालवणची. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठी, दोन मुलींची आई, खात्यात कायम. तिचा आवाज असा की मशीन चालू असतानाही ऐकू यायचा. एरवी आमच्या खात्यात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नसे. सगळ्या ओठांवरून ओळखायच्या. खात्याच्या या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला नुसते ओठ हलवून आज भाजी काय केली ते सांगायची. मला ते फार बरं वाटे. मी लहानपणापासून कमी बोलणारी. बोलले तरी शेजारच्याला दोनदा विचारावं लागे. खात्यात सगळ्याच माझ्यासारख्या झालेल्या असत.

पण खात्यात रोज जायला मिळेल तर. मी बदली कामगार होते. म्हणजे रोज सकाळी पास घेऊन फाटकाशी उभं राहायचं, आज किती बायका गैरहजर आहेत ते नायकीण, म्हणजे बायकांवरची मुकादम, मोजणार आणि तेवढ्या बदल्या आत घेणार. ज्या पुढे सरून "बाई, मला घ्या, मला घ्या" करत, त्या आत जात. मी मागे उभी. पुष्कळ दिवस तशीच घरी परत. दादा, म्हणजे माझे वडील, कापसाच्या खात्यात काम करून दम्याने घरी बसले होते. मी लवकर परत आलेली दिसले की ते काही विचारत नसत, भिंतीकडे तोंड करत.

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. गिरण्या मध्येच बंद पडत, मोर्चे निघत. आमच्या खात्यातल्या बायकाही जात. आनंदी पुढे. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र" ती म्हणे आणि मागच्या सगळ्या "झालाच पाहिजे" म्हणत. मी नुसते ओठ हलवायची. एकदा पोलिसांच्या गाड्या आल्या आणि गर्दी फुटली. आनंदीची वहाण तुटली, ती वाकून ती उचलायला लागली. मी तिचं मनगट धरलं आणि ओढत निघाले. माणसं, हातगाड्या, पडलेल्या सायकली, सगळ्यांतून वळत वळत तिला एका गल्लीत आणलं. ती भिंतीला टेकली, धापा टाकत माझ्याकडे बघत राहिली.

"मेले, पळतंस की उडतंस गो?" म्हणाली. "आणि घोषणेच्या वेळी तुझा तोंड हलता, आवाज खंय जाता?"

मी हसले.

दुसऱ्या दिवशी ती मला परेरा मास्तरांपुढे घेऊन गेली. मास्तर गिरगावातल्या खोताच्या वाडीत राहणारे, साठीच्या जवळ आलेले. गिरणीच्या कल्याण केंद्रात ते कवायत शिकवत. डोक्यावर कायम हॅट आणि गळ्यात शिट्टी. त्यांनी मला मैदानावर दोन फेऱ्या पळायला लावलं, मग हॅट काढून हातात घेतली.

"नाव काय तुझा?"

मी सांगितलं.

"काय?"

परत सांगितलं.

"आवाज घरा ठेवून आलीस काय गो? बरं, पायांवर नाव लिहिलेलं हाय तुझा. उद्यापासून ये."

खो-खोत दोन कामं असतात. एका डावात पळायचं, दुसऱ्या डावात पकडायचं. पळण्यात मी पहिल्या दिवसापासून चांगली होते. पकडण्यात अडचण आली. पाठलाग करणारीने बसलेल्या सोबतिणीला मागून खो द्यायचा असतो. हात पाठीला लागला पाहिजे आणि त्याच क्षणी तोंडाने "खो" पंचांना ऐकू जाईल असं म्हटलं पाहिजे. दोन्हींपैकी एक राहिलं तर तो खो नाही. माझा हात लागायचा, आवाज यायचा नाही. पहिल्या सामन्यात माझे तीन खो फुकट गेले. चौथ्या वेळी मी तोंड इतकं मोठं उघडलं की प्रेक्षकांतले लोक हसले, पण आवाज आलाच नाही.

"पंच काय वाइंडिंग खात्यातला हाय, ओठ बघून ओळखायला?" मास्तर म्हणाले. त्यांनी मला एका रविवारी वडाळ्याला मिठागरांच्या बाजूला नेलं, संघातल्या दोघी बरोबर. उघडी जमीन, लांबवर कुणी नाही. "आता ओरड. इथं मीठ आणि बगळे, दुसरं कोण ऐकत नाय." मी ओरडले. बगळे उडाले नाहीत. मास्तरांनी बगळ्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि खिशातून शेंगदाणे काढून तिघींना वाटले. पुढे तो विषय त्यांनी सोडला. तोड काढली ती अशी, की मी खो घ्यायचा, द्यायचा नाही. मला बाकीच्यांनी जिथे गडी दमलेला असेल तिथे उठवायचं आणि मी त्याला गाठायचं. माझ्या मागून खो देणारी बहुतेक वेळा आनंदी असे.

आता जे लिहायला वही घेतली ते लिहिते.

त्या मोर्च्यांच्या आगेमागेच आमच्या चाळीतल्या सगळ्यांनी बुद्धधर्म घेतला. त्याआधी आम्हाला काय म्हणत ते लिहीत नाही, ठाऊक आहे सगळ्यांना. आमच्या खात्यात प्यायच्या पाण्याची मडकी दोन होती. कुठलं कुणाचं ते कुठे लिहिलेलं नव्हतं, पण पहिल्या दिवशी आलेल्या बाईलाही कळायचं. यात कुणी कुणाशी वाईट वागत होतं असं नाही. आनंदी माझ्याशी खूप चांगली वागायची. नायकिणीकडे माझ्यासाठी तीच बोलायची: "त्या मागच्या पोरीक घ्या की, ती तोंडान मागूची नाय." तिच्या मुलींची नावं, नवऱ्याच्या खोड्या, सगळं मला सांगायची.

पण बसलेल्या माणसाला मागचं दिसत नाही. मागून कोण येतंय ते आवाजावरून कळतं आणि मग हात लागतो. आनंदीचा "खो" मैदानाबाहेर ऐकू जाईल एवढा मोठा असे. हात मात्र पाठीपर्यंत येऊन थांबे. बोटभर अलीकडे. पाठीला वारा लागायचा, हात नाही.

पहिल्यांदा मला वाटलं घाईत राहिला असेल. मग कळलं की दुसऱ्या कुणाला ती खो देते तेव्हा चापट बसते, कधी तर पाठ लाल होते. ती हे ठरवून करत होती असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. आपला हात काय करतो हे तिला माहीत नव्हतं. हाताला लहानपणापासूनची सवय होती. मनगट मी धरलं तेव्हा ते पळण्याच्या भरात होतं, आणि धरलं होतं मी.

मास्तरांच्या एकदा लक्षात आलं. सरावात त्यांनी शिट्टी वाजवली.

"आनंदी, हात."

"लागलो की."

मास्तर माझ्याकडे वळले. "लागला गो?"

मी मान हलवली. होकारार्थी. मान हलवायला आवाज लागत नाही. मास्तर म्हणाले, "हात लागला नाय तर खो नाय. खेळात दुसरा कायदा नाय." ते दोघींकडे न बघता म्हणाले. पुढेही दोन-तीनदा त्यांनी विचारलं आणि मी दरवेळी मान हलवली.

त्या वर्षी दादरच्या मैदानावर ढालीचे सामने होते. आम्ही अंतिम सामन्यात पोचलो. तशी आशा कुणालाच नव्हती, म्हणून लेबर ऑफिसरनी खात्यात येऊन, मशीन बंद करायला लावून जाहीर केलं की ढाल आणली तर संघातल्या पाचही बदल्यांना कायम करू. मशीन बंद झालेली ती पाच मिनिटं मला आठवतात. इतकी शांतता होती की नायकिणीच्या बांगड्या ऐकू आल्या. मी घरी येऊन दादांना सांगितलं. ते उठून बसले. "म्हणजे फाटकावर उभं राहायचं नाही?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, जिंकलो तर. ते म्हणाले, "तुला पकडणारी अजून कुठे आहे?" आणि त्यांना खोकल्याची उबळ आली.

समोर दादरचा मुलींचा एक नावाजलेला संघ होता. शाळा-कॉलेजातल्या मुली, पांढरे सदरे, निळ्या तुमानी. आम्ही नऊवारीचा कासोटा मारून. त्यातल्या एकीने आमच्या संघाकडे बघून "मावश्या आल्या" म्हटलं ते आनंदीने ऐकलं. "मावशीचो हात लागलो की कळतला," ती तिला ऐकू जाईल असं म्हणाली. त्यांची कर्णधार वसुधा मात्र येऊन आम्हा सगळ्यांना हात जोडून गेली. उंच, शांत मुलगी होती.

मी त्या दिवशी चांगली पळाले. पहिल्या डावात मला वसुधानेच बाद केलं, तेही पाच मिनिटं पळवल्यावर. बाद करताना ती "वा" म्हणाली. दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याने अशी दाद मला पुन्हा कधी दिली नाही.

शेवटचा डाव आमचा पकडण्याचा. वसुधा बाद होऊन बाजूच्या रेषेवर जाऊन बसली होती. एक गडी बाद झाला तर ढाल आमची, नाहीतर त्यांची. अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ राहिला होता. पळत होती ती लहानखुरी मुलगी, दमलेली, पण चपळ. मी खांबाकडून तिसरी बसले होते. आनंदी माझ्या मागून तिच्यामागे धावत होती. मुलीने मी आणि माझ्या शेजारी बसलेली यांच्या मधून वळण घेतलं आणि माझ्या पुढ्यात आली. तिची कंबर उजवीकडे वळलेली मला दिसली. मागून आनंदीचा आवाज आला.

"खो!"

पाठीला वारा लागला.

मी उठले. दोन पावलं टाकली आणि माझी बोटं मुलीच्या खांद्याला लागली. शिट्टी वाजली. आमच्या बायकांनी जो गलका केला तो मला पाण्याखालून आल्यासारखा ऐकू आला.

वसुधा रेषेवरून उठून आत आली. ओरडली वगैरे नाही. "पंच, खो लागलेला नाही. मी बाजूने पाहिलं. हात पाठीपर्यंत पोचला नव्हता."

पंच चष्मा लावणारे, शाळामास्तर दिसत होते. ते दुसऱ्या बाजूला होते, त्यांना पाठ दिसली नव्हती. त्यांनी दुसऱ्या पंचांना विचारलं, त्यांनीही नकारार्थी मान हलवली. आनंदी माझ्या मागे उभी होती. ज्या आनंदीचा आवाज कधी थांबला नाही, ती गप्प होती. मी वळून बघितलं. ती स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होती. त्या क्षणी तिला कळलं असावं. पहिल्यांदाच.

पंच माझ्यापाशी आले. "बाई, ज्याची पाठ त्यालाच ठाऊक. तुम्ही सांगाल ते मी मानीन. हात लागला होता का?"

मी मान हलवली.

"मान नको. तोंडाने सांगा. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

सगळं मैदान थांबलं होतं. मी "नाही" म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता. एवढा मोठा आवाज, एवढी जवळ आलेली बाई, मग हात का नाही लागला? आमच्या खात्यातल्या बायका तिथे बसल्या होत्या, त्यांना उत्तर ठाऊक होतं. ते उत्तर एवढ्या लोकांत आनंदीच्या अंगावर पडलं असतं, आणि माझ्याही. हे माझ्या मनात आलं. फाटकही आलं, दादाही आले. कोणतं आधी आलं ते मी आजपर्यंत ठरवू शकलेले नाही.

"लागला," मी म्हटलं.

मैदानाच्या त्या टोकापर्यंत ऐकू गेला. मला माझा आवाज ओळखू आला नाही.

पंचांनी हात वर केला. वसुधा माझ्याकडे क्षणभर बघून परत गेली. परेरा मास्तर आले. सगळ्या नाचत होत्या, ते नाचले नाहीत. हॅट सारखी केली आणि म्हणाले, "आज आवाज आला गो." एवढंच. ते त्यांनी कौतुकाने म्हटलं की कसं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

आनंदी ढालीच्या फोटोत नाही. ती नळावर हात धूत होती असं कुणीतरी सांगितलं. हात माझ्यापर्यंत आलाही नव्हता, आणि ती धूत होती. पुढे वाटलं, कदाचित मातीच असेल. माती सगळ्यांच्याच हाताला होती.

सोमवारी मी कामावर गेले. फाटकाशी थांबावं लागलं नाही. मशीन सुरू होतं, मी वाकून तुटलेल्या सुताला गाठ मारत होते. तेवढ्यात दोन्ही खांद्यांच्या मध्ये पाठीवर चापट बसली. सबंध पंजा, पाच बोटं. माझ्या हातातलं सूत सुटलं. वळून बघते तर आनंदी. तिने हात काढला नव्हता, तसाच पाठीवर होता. मशीनच्या आवाजात तिलाही ओरडायचं नव्हतं. तिने ओठ हलवले आणि मी वाचले.

"परवाचो खो रवलो होतो."

मग हात काढला आणि आपल्या मशीनवर गेली. तिचे डोळे लाल झाले होते. खात्यात सुताचा धुरळा उडतो, डोळे सगळ्यांचेच लाल असतात.

मी त्यानंतर नऊ वर्षं खेळले, आणि आनंदीचा प्रत्येक खो माझ्या पाठीवर बसला. कधी कधी इतका जोरात की मास्तर ओरडत, "उठव गो तिला, पाड नको." मडकी मात्र खात्यात आणखी काही वर्षं दोनच राहिली. एका खोने सगळं बदललं असं मी लिहिणार नाही. दादा माझी कायमची नोकरी तीन पावसाळे बघून गेले. पुढे रे रोडला एका सामन्यात मी खांबाला वळसा घेताना गुडघ्यावर पडले आणि खेळ संपला. नोकरी राहिली. पायांवर मिळालेली नोकरी मी पुढे हातांनी निभावली, निवृत्तीपर्यंत.

वसुधा मला पुष्कळ वर्षांनी दादरला भाजी घेताना भेटली. केस पिकले होते. तिनेच मला ओळखलं. "तुम्ही साखळी काय पळायच्या हो!" म्हणाली. "मी मुलींना शिकवते तेव्हा तुमचं सांगते." मेथीची जुडी हातात घेऊन मी उभी होते. तिला सांगायचं होतं. वाक्य तयार होतं, ओठांपर्यंत आलं, ओठ हललेही असतील. पण ती वाइंडिंग खात्यातली नव्हती. तिने नमस्कार केला आणि गेली. मैदानावर मी मोठ्याने बोललेला एकच शब्द, तो खोटा. आणि खरा बोलायची वेळ आली तेव्हा आवाज नाही. याचं मला वाईट वाटतं. तिची ढाल होती ती.

आनंदी अजून येते. तिला ऐंशी झाली असतील. लालबागहून मुलगी तिला आणून सोडते. मी खिडकीशी पाठ करून बसलेली असते. ती आवाज न करता आत येते आणि पाठीवर हात टाकते. "खो!" म्हणते. तेवढा आवाज अजून आहे. मग मी चहा ठेवायला उठते. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघी एकदाही बोललेलो नाही.

काल ती आली तेव्हा मी हीच वही घेऊन बसले होते. हात असा बसला की पेन कागदावर घसरलं, वरच्या ओळीत रेघ आहे ती त्याचीच. नात अभ्यास करत होती, ती घाबरून उठली.

"आजी, जोरात लागला का गं?"

आनंदीने माझ्याकडे बघितलं. हात अजून पाठीवरच होता.

"लागला," मी म्हटलं. स्वयंपाकघरात सून होती, तिलाही ऐकू गेलं.